शेजाऱ्याच्या उंबऱ्याचं लोखंड

पॉवर टिलर धुऊन परत आला, तेव्हाच ल्युबिंकाच्या मनात पाल चुकचुकली. मोरावा नदीकाठच्या त्या सर्बियन गावात उसनं नेलेलं यंत्र कुणी धुऊन देत नाही. तिनं वाकून पाहिलं. इंजिन ज्या लोखंडी पाटीवर बसतं, ती आरपार चिरली होती. आणि पाऊस यायच्या आत, आजच, बटाट्याला मातीची भर द्यायची होती.

यंत्र ढकलत ती तडक ते उसनं नेणाऱ्या शेजारच्या रादिसावच्या दारात गेली.

"तडा आधीचाच होता, वहिनी!"

"मग न्हाऊमाखू कशाला घातलंस? सासरी पाठवायचं होतं?"

रादिसावच्या उंबऱ्याशी बुटांचा चिखल खरवडायची जाड लोखंडी पट्टी पुरलेली होती. ल्युबिंकानं ती उपटली. फुटकी पाटी सोडवून, तिच्या तेलकट अंगावर पुठ्ठा दाबून भोकांचे ठसे घेतले, नवी पाटी करायला त्या पट्टीवर उतरवले.

"ड्रिल आण. भोकं तूच पाडायचीस."

संध्याकाळी, पहिले थेंब पडता पडता, ती शेवटची सरी भरून परतली. रादिसावची बायको त्याच्या चिखलाच्या बुटांवरून घर डोक्यावर घेत होती. ल्युबिंकानं टिलर तसाच मातीनं माखलेला गोठ्यात लावला.