शेवटापासून वाचणारी रेजिना

रेजिना पुस्तक नेहमी मागून उघडायची. आधी शेवटचं पान, मग त्याच्या अलीकडचं, आणि जिवाला स्वस्थता वाटली की मग पहिलं. तिसरीत ती माझ्या शेजारी येऊन बसली तेव्हा मला वाटलं, हिला पुस्तक धरताच येत नाही. मी मोठ्या शहाणपणाने तिचं पुस्तक सरळ करून दिलं. तिने ते पुन्हा मागून उघडलं.

"मना वाचता येतं गो," ती म्हणाली. "आधी बघते, मानूस जगतंय का मरतंय. जगत असेल तर वाचीन."

"आणि मरत असेल तर?"

"तरी वाचीन. पन मग हळू वाचीन."

ती पाचूबंदरची. वसईच्या किल्ल्यापलीकडे, खाडीच्या तोंडाशी तिचं घर. बाप बस्त्याव होडीवर जाई, आई मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसे. मी पापडीकडच्या वाडीतली. आमच्याकडे केळी, पानवेली आणि विहिरीवर रहाट. शाळा दोघींच्या घरांच्या साधारण मध्ये होती. ती किल्ल्याच्या बाजूने चालत यायची, मी वाडीच्या. शाळा मराठी होती, सातवीपर्यंतची. मोठ्या वर्गांना एकच गुरुजी होते. काळी टोपी, करडा आवाज, आणि हातातली छडी बहुतेक वेळा नकाशा दाखवायला.

पहिल्या आठवड्यात दोन मुली आपापली बसकरं उचलून रेजिनापासून लांब जाऊन बसल्या. म्हणाल्या, हिच्या फ्रॉकला मासळीचा वास येतो. मला वाटलं ही रडेल. ती रडली नाही, चिडलीही नाही. एखादी माहिती द्यावी तसं म्हणाली, "घरात मासळी हाय म्हणून वास हाय. ज्या दिवशी वास नाय, त्या दिवशी आमच्याकडे चूल नाय." मी उठले नाही. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. आमच्या घरीही बोंबील शिजायचा, आणि तिच्या डब्यातला भाजलेला सुका बोंबील मला दुरूनच खुणावत होता. मी तिला सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी दिली, तिने मला बोंबील दिला, आणि आमची मैत्री सुरू झाली.

ती 'मला'ला 'मना' म्हणायची, 'पानी' म्हणायची, 'कोन' म्हणायची. वर्ग हसायचा. गुरुजी तिला उभं करून 'पाणी, पाणी' असं म्हणायला लावायचे. ती म्हणायची, अगदी स्वच्छ, आणि खाली बसली की माझ्या कानात सांगायची, "शाळेत पाणी, घरी पानी. तहान तीच." तिला त्याची लाज नव्हती आणि हट्टही नव्हता. एकाच गोष्टीला दोन शब्द आहेत याची तिला मजा वाटत असे. म्हणूनच की काय, तिचा आवडता विषय व्याकरण होता.

व्याकरण आवडणारं मूल मी आजवर दुसरं पाहिलं नाही. पुढे जन्मभर शिकवलं, तरी नाही. पाचवीत गुरुजींनी एकदा एकेकाला उठवून आवडता विषय विचारला. बहुतेकांनी गणित सांगितलं, कारण गुरुजी गणित शिकवत होते. एकाने कवायत सांगितली. मी इतिहास म्हटलं. रेजिना म्हणाली, "व्याकरण." गुरुजींना वाटलं ही थट्टा करते आहे. म्हणाले, "असं? मग एखादा शब्द विभक्तीत चालवून दाखव. कुठलाही."

तिने हात मागे बांधले आणि सुरू केलं. "प्रथमा, बोंबील. द्वितीया, बोंबलास. तृतीया, बोंबलाने. चतुर्थी, बोंबलाला. पंचमी, बोंबलाहून. षष्ठी, बोंबलाचा. सप्तमी, बोंबलात." मग जरा थांबून, छताकडे बघून, खणखणीत आवाजात, "संबोधन, बोंबला!"

वर्ग जो फुटला तो थांबेना. गुरुजींनी छडी उचलली, पण त्यांचाच चेहरा सरळ राहत नव्हता. शेवटी ते पाठ फिरवून फळा पुसत बसले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

गणिताशी मात्र तिचं जमलं नाही. एका नळाने टाकी भरते, दुसऱ्याने रिकामी होते, हे उदाहरण आलं की ती पेन्सिल खाली ठेवायची. "असा नळ ठेवतंय कोन? आधी तो बंद करा." मैत्रीबद्दलही तिचं मत असंच रोखठोक होतं. मी एकदा रुसून दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "रुसायचं तर रूस. पन बसकर हलवू नको. बसकर हललं की मग दुसरं कोनतरी मध्ये येऊन बसतं."

शेवट आधी वाचायची सवय तिला कशी लागली, ते तिने मला बऱ्याच उशिरा सांगितलं. ती सहा वर्षांची असताना बस्त्यावची होडी वादळात अडकली आणि ठरल्या दिवशी परतली नाही. आई चर्चमध्ये, बायका किनाऱ्यावर. ही प्रत्येकीला विचारत हिंडली, बा येनार का नाय? कुणीच सांगेना. जो तो डोक्यावरून हात फिरवी आणि बघू म्हणे. होडी अखेर दूर कुठल्या बंदराला लागल्याचं कळलं, माणसं सुखरूप आली. पण मधले दिवस तिच्या मनातून गेले नाहीत. "पुस्तकात बरं असतं," ती म्हणाली. "तिथं विचारायला लागत नाय. पान उलटलं की झालं."

शाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही सहावीत गेलो आणि पुस्तकं घरी न्यायची परवानगी मिळाली. रेजिनाने पहिलंच जे पुस्तक उचललं, ते हरवलेल्या भावाला शोधायला गलबतावर चढलेल्या एका मुलाचं. तिने ते सवयीने मागून उघडलं. शेवटची पानं नव्हतीच. वाळवीने खाल्ली होती.

ती ते तसंच घेऊन गुरुजींकडे गेली. "गुरुजी, हा मुलगा जगतो का?"

गुरुजींनी ते पुस्तक कधीकाळी वाचलं होतं. आठवून म्हणाले, "बहुतेक बुडतो."

"बहुतेक म्हंजे?"

"म्हणजे मला आठवत नाही. जा, जागेवर बस."

त्या 'बहुतेक'मुळे तिला चार दिवस जेवण गोड लागलं नसेल. पुस्तक तिने पुढून वाचलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि जिथे पानं संपली तिथे ती अडली. मग एका सोमवारी पुस्तक परत आलं, तेव्हा त्याला शेवट होता. स्वतःच्या हाताने, रेघा मारून लिहिलेला, भाताच्या खळीने नीट चिकटवलेला. तिच्या शेवटात गलबत फुटतं, मुलगा फळीला धरून किनाऱ्याला लागतो. तिथे बायका बोंबील वाळत घालत असतात. त्यातली एक त्याला उठवून विचारते, "कोनाचा रे तू?" ती त्याला घरी नेते, गरम पेज देते, आणि पलीकडे ओसरीवर जाळं विणत बसलेला माणूस मान वर करतो, तो त्याचा भाऊ असतो.

मी वाचलं आणि रडले. माझ्यामागून पुस्तक दुसरीने नेलं, तिच्यामागून तिसऱ्याने. धाकट्या वर्गांत तर तोच खरा शेवट झाला. गुरुजींनी कपाट उघडून पाहिलं नसावं.

पाहिलं ते दिपोटींनी. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांना तेव्हा सगळे दिपोटी म्हणत. सारवलेल्या वर्गात आम्ही धुतलेले कपडे घालून ताठ बसलो होतो. साहेबांनी एका चुणचुणीत मुलाला विचारलं, "अवांतर काय वाचलंस?" त्याने तीच गोष्ट सांगितली, अगदी पेजेसकट.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "हे माझं लहानपणचं पुस्तक आहे. यात मुलगा बुडतो."

"नाही साहेब, पेज पितो," मुलगा ठामपणे म्हणाला.

पुस्तक मागवलं गेलं. साहेबांनी ते मागून उघडलं. गुरुजींनी डोक्यावरची टोपी सावरली. सरकारी पुस्तकात हाताने पानं चिकटवलेली, आणि शाळेचा शेरा अजून लिहायचा राहिलेला. मग माझ्या शेजारी बसकर सरकल्याचा आवाज झाला.

"मी लिवलं," रेजिना उभी राहून म्हणाली. घाबरली की तिची शाळेतली भाषा घरी पळायची. "गुरुजींना ठाव नाय. शेवट वाळवीनं खाल्ला व्हता."

"म्हणून मनाला येईल तो शेवट जोडायचा?"

"मना खरा ठाव नव्हता, साहेब. आन बुडवायचाच तर एवढी पानं त्याला पोहवला कशाला?"

साहेबांनी तसेच उभ्याने ती पानं वाचली, सगळी. मग खिशातून पेन्सिल काढून एके ठिकाणी खूण केली. "कोनाचा नव्हे. कोणाचा. मूर्धन्य ण."

"ती बाय कोळीन हाय, साहेब. ती 'कोनाचा'च म्हननार."

गुरुजींनी डोळे मिटले. साहेबांनी पुस्तकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पेन्सिलीची खूण बोटाने पुसली. "बरोबर. पण वरच्या ओळीत 'समुद्राचं पानी' आहे. तिथे बाई बोलत नाही. तिथे तू बोलतेस."

रेजिनाने पुढे होऊन वाकून पाहिलं. तिचा चेहरा पडला, तो शिक्षेच्या भीतीने पडला नव्हता तितका. "चुकलं," ती म्हणाली. "तिथं पाणी पायजे." आणि साहेबांच्याच पेन्सिलीने तिने ते दुरुस्त केलं.

शिक्षा झाली नाही. शेवट आपला आहे हे पानाखाली लिहून ठेव, एवढंच साहेबांनी सांगितलं. तिने लिहिलं, 'हा शेवट खरा नाही. पण चांगला आहे. रेजिना, इयत्ता सहावी.'

सातवीच्या वर्षी फायनलची परीक्षा होती. ती पास झाली की मास्तरकीची वाट उघडे. गुरुजींना वाटत होतं, मराठीत रेजिना पहिली येईल आणि गणितात मी तिला ओढून नेईन. तशी आम्ही तयारीही सुरू केली होती. नाताळानंतर तिची आई अंथरुणाला खिळली. छातीचं दुखणं होतं. धाकटा भाऊ तीन वर्षांचा. रेजिना शाळेत यायची थांबली.

गुरुजी पाचूबंदरला गेले, मला बरोबर घेऊन. बस्त्याव अंगणात जाळं शिवत होता. त्याने गुरुजींना खाट दिली, स्वतः खाली बसला. गुरुजी बराच वेळ बोलले. परीक्षा, नोकरी, पोरीची बुद्धी. बस्त्यावने मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाला, "गुरुजी, तुमी सांगता ते खरं हाय. मी तिला नको म्हटलेलं नाय. तुमी तिलाच विचारा."

रेजिना दारात भावाला कडेवर घेऊन उभी होती. गुरुजींनी विचारलं.

"आले तर मी तरेन, गुरुजी," ती म्हणाली. "पन घर बुडेल. घर बुडवून तरायचं नाय मना."

गुरुजी उठले. परत येताना शाळेपाशी आल्यावर म्हणाले, "वाक्य कसं केलं बघ."

परीक्षा मी दिली. पास झाले. रेजिना आईच्या जागी बाजारात बसू लागली. पाटी विकून झाली की परतताना आमच्या वाडीच्या फाटकाशी थांबायची, मी पुस्तक द्यायची, ती मागचं परत करायची. आपलं काही गेलं असं तिने कधी बोलून दाखवलं नाही. एकदाच म्हणाली, "दुपारची घंटा होते ना, ती बाजारात ऐकू येते. तेवढंच वंगाळ वाटतं." पुढे आई सावरली, पण तोवर रेजिनाचं अर्नाळ्याला लग्न ठरलं होतं. आज रेजिना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मला ती आठवते ती त्याच वयाची, ओले हात फ्रॉकला पुसून पुस्तक घेणारी.

मी मास्तरीणबाईचं शिक्षण घ्यायला पुण्याला गेले, आणि परत आले तेव्हा विरारजवळच्या एका शाळेत नेमणूक झाली. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी विरारच्या बाजारात रेजिना भेटली; अर्नाळ्याची मासळी ती तिथेच विकायची. अंगावर लुगडं, पुढ्यात पाटी, कपाळावर घाम. मी म्हटलं, मला भीती वाटते, पहिल्या दिवशी काय शिकवू?

"कायच नको शिकवू," ती म्हणाली. "पाटी उतरली की आधी बघायचं काय आलंय. भाव मग. पोरांना बोलू दे."

मी तसंच केलं. पुस्तक बंद ठेवून गप्प बसले. बऱ्याच वेळाने पुढची एक मुलगी उभी राहिली. "बाई, तुमाला शिकवायला येत नाय का?"

"येतं," मी म्हटलं. "पण आधी तुम्ही सांगा. शाळेत काय आवडतं?"

मग एक म्हणाला, नकाशा. एक म्हणाली, हिच्या शेजारी बसायला. एकाला पुस्तकातला हत्ती आवडायचा, एकीला नव्या पुस्तकाचा वास. मग कुणी थांबेना. दिवस कसा गेला कळलं नाही.

संध्याकाळी मी धावतच बाजार गाठला आणि रेजिनाला सगळं सांगितलं. 'शिकवायला येत नाय का' ऐकून ती इतकी हसली की शेजारच्या बायका बघायला लागल्या. मग डोळे पुसून तिने विचारलं, "आन बोललं नाय ते कोन?"

ते मी पाहिलंच नव्हतं.

"मग उद्या ते बघ," ती म्हणाली, आणि आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरले ती दाराशीच थांबले. उंबऱ्याला लागून एक मुलगी बसली होती. मांडीवर धाकटा भाऊ, पेंगुळलेला. कालही ती तिथेच बसली असणार. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि विचारलं, "तुला काय आवडतं गं?"

तिने आधी मागे वळून पाहिलं, मागे कुणी आहे का ते. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मना विचारता, बाई?"