अडखळण्याचा गुन्हा

सुतार लहानपणापासून बोलताना अडखळे. घरात त्याला ‘सावकाश’ म्हणत, आणि तोही हसून ओ देई. गिऱ्हाइकांना त्याची सवय होती. वाक्य पुरे होईपर्यंत ती निमूट थांबत.

विजेच्या तारेतून ठिणगी उडाली आणि त्याचे दुकान, तयार कपाटांसकट, जळाले. विमा होता, हप्ता कधी चुकला नव्हता. आग कशी लागली, हे कंपनीने फोनवर विचारले. त्याने सांगितलेही: “वा... वा... वायर...” मात्र ऐकणारे माणूस नव्हते. आवाजातील थांबे आणि कंप मोजून खरे-खोटे ठरवणारी संगणकीय प्रणाली होती. तिने दावा संशयास्पद ठरवला.

“खरं बोलतानाच मी द-दमतो, खोटं कशाला बोलू?” तो घरी म्हणाला. त्या दिवशी कुणी हसले नाही.

थोरल्या भावाची बायको, त्याची वहिनी, त्याच्यासोबत कंपनीच्या कार्यालयात गेली. अधिकारी सौजन्याने वागला. तेच अधिक संतापजनक होते. “पुन्हा फोन लावता येईल,” तो हळूच म्हणाला. “यांच्या वतीने तुम्ही बोललात, तर पास होईल बघा.”

“आग लागली तेव्हा मी माहेरी होते. माझं खरं धरणार?” वहिनी उसळली. “आणि फळ्या ओढताना ज्याचे हात भाजले, त्याचं खोटं?” मग आवाज उतरवून दिराला म्हणाली, “भावोजी, तरी बोलते मी. आधी दुकान उभं राहू दे.”

लबाडी पकडण्यासाठी ही व्यवस्था आहे, असे सांगण्यात येते. सराईत लबाड कधी अडखळत नाही, हे शेंबडे पोरही जाणते. पण निकाल यंत्राचा म्हटला की लाज वाटायला कुणी उरतच नाही.

सुताराने वहिनीला हातानेच थांबवले. “सा-साहेब, मी ख-खोटारडा?”

“मी कुठं म्हणतो? सिस्टीम म्हणते.”

“मग तु-तुमच्या हातानं लिहा तसं. सही करा.”

अधिकाऱ्याने पेन उचलले, आणि पुन्हा टोपण लावले. “तेवढा अधिकार मला नाही हो.”

“मग मा... मा...”

“माझं ऐकून घ्या, असंच ना?” अधिकाऱ्याने वाक्य उरकून टाकले.

सुताराने खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात केली. रांगेतून कुणीतरी च्यक्-च्यक् केले.

वहिनी गर्रकन वळली. “थांबा जरा. माणूस बोलतोय.”