आकड्यांच्या जागी चौकोन

हॉस्पिटलात तिला सगळे पुन्हाबाई म्हणायचे. कुठलंही काम संपलं की ती म्हणायची, "थांबा, पुन्हा एकदा बघते." त्यावरून ते नाव पडलं आणि इतकं चिकटलं की हजेरीपटावरचं खरं नाव वाचून नवा कारकून विचारायचा, ही कोण बुवा? बाई जन्माची भित्री. घराचं कुलूप तीनदा ओढून बघायची, गॅससाठी अर्ध्या जिन्यावरून परत फिरायची. नवरा बिचारा खाली ताटकळत उभा. अगं बंद आहे, मी बघितलाय, असं त्याने वरती ओरडून सांगितलं की हिचं उत्तर ठरलेलं: तुम्ही बघितलात, मी कुठे बघितलाय?

तिचं काम व्हिडिओ जोडायचं. आधी वीस वर्षं तिने एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ कापले-जोडले. तिथे चूक झाली तर फार तर कुणाच्या आत्याचा चेहरा अर्धा कापला जायचा आणि आत्याबाई वर्षभर रुसायच्या. हॉस्पिटलात मात्र घरी निघालेल्या आयांसाठी छोटे व्हिडिओ बनायचे. औषध बाटलीतून कसं काढायचं, किती द्यायचं, केव्हा द्यायचं, आणि खाली त्या आईच्या भाषेत अक्षरं. इथे चुकायची सोयच नव्हती. ती तीन वर्षं डोळ्यांत तेल घालून बसली होती, आणि त्या तीन वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

एका बुधवारी बंगाली आलं. एका तान्ह्या बाळाला झटके यायचे, ते आता थांबले होते, आणि मायलेकरं संध्याकाळी घरी निघणार होती. आईला बंगालीशिवाय काही वाचता येत नव्हतं. निवृत्त झालेल्या एक बंगाली मास्तरीणबाई हॉस्पिटलासाठी असली कामं हौसेने करायच्या, त्यांनी मजकूर टाइप करून पाठवला, वर छापलेला कागदही दिला. पुन्हाबाईने तो मजकूर व्हिडिओच्या प्रोग्रॅममध्ये टाकला, तर पडद्यावर नुसते चौकोन. प्रोग्रॅममध्ये बंगालीचा फॉन्टच नव्हता.

तिने एक फॉन्ट शोधून उतरवला आणि प्रोग्रॅमला जोडला. अक्षरं आली, पण मात्रा उड्या मारून भलत्याच अक्षराला जाऊन बसल्या. तिला बंगाली ओ की ठो येत नव्हतं. दोन चित्रांतले फरक शोधावेत तशी ती कागद पडद्याला लावून बघत होती, म्हणून निदान ते कळलं. दुसरा फॉन्ट घातला, प्रोग्रॅम बंद करून परत उघडला, आणि सगळं जागच्या जागी बसलं. उरले फक्त दोन चौकोन, दोन्ही आकड्यांच्या जागी. ज्या कुणी भल्या माणसाने तो फॉन्ट बनवला, त्याने अक्षरं सगळी काढली आणि आकडे काढायचा कंटाळा केला. आता काय म्हणावं अशा माणसाला?

मास्तरीणबाईंना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. इकडे विभागाचे साहेब डोक्याशी येऊन उभे. मग तिने कागद डोळ्याजवळ धरला. एक आकडा तर सरळसरळ दोन होता. दुसरा गोलावर गोल, आठ. तिने कीबोर्डवरून तेच दोन आकडे दाबले आणि चौकोन गेले.

मास्तरीणबाईंना एकदा दाखवते आणि मग पाठवते, असं ती म्हणाली. साहेब म्हणाले, तोवर ते बाळ शाळेत जायला लागेल. खोलीतले सगळे हसले, तीही हसली, आणि न दाखवताच तिने व्हिडिओ आईच्या फोनवर पाठवून दिला.

रात्री तिने तो मास्तरीणबाईंनाही पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. अक्षरं छान बसलीत म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण आकडे इंग्रजी का टाकलेत? आणि आठ थेंब कुठून आले? मी चार लिहिलंय."

कागदावर तर आठच आहे, असं पुन्हाबाईने सांगितलं. "अहो, आमचा चार तुमच्या इंग्रजी आठासारखाच दिसतो," मास्तरीणबाई म्हणाल्या.

पुन्हाबाईने फोन टेबलावर टाकला. तशीच ती वॉर्डात धावली. सिस्टरने आईला फोन लावला, तो बंद. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि तोंड वाकडं न करता एवढंच सांगितलं, की दुप्पट गेलं असेल तर बाळ झोपून राहील, उठवून उठणार नाही. तसं असेल तर क्षणभरही न थांबता उचलून आणा. ते शांतपणे बोलले, त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

वॉर्डातून आईचा पत्ता घेऊन पुन्हाबाई रिक्षाने निघाली, मास्तरीणबाई वाटेतल्या चौकात चढल्या. पुन्हाबाई बोटांवर मोजत होती. दिवसातून दोन वेळा, म्हणजे काल रात्री एकदा, आज सकाळी एकदा. आठ आणि आठ. पुन्हा मोजलं तरी तेवढेच. आपल्या हातून एक जीव गेला, असं ती मनात म्हणाली आणि तोंडावर पदर धरला. मास्तरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला, तर त्यांचाही हात गार पडलेला.

तिसऱ्या मजल्यावरचं दार आईनेच उघडलं. तिचे हात साबणाचे होते. आधी तिने ओठांवर बोट ठेवलं. बाळ झोपलं होतं. केव्हापासून, असं मास्तरीणबाईंनी विचारलं. सकाळपासून, असं उत्तर आलं.

पुन्हाबाई चपलांसकट आत शिरली. पलंगावर बाळ दोन्ही मुठी वर करून पडलं होतं. तिने तळपायाला बोट लावलं. काही नाही. परत लावलं, जरा जोरात. मग बाळाने पाय ओढून घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि असा टाहो फोडला की शेजारचं दार उघडलं. आई संतापून धावत आली आणि बाळाला तिने उचलून घेतलं.

किती थेंब दिलेस, असं मास्तरीणबाईंनी विचारलं. आईने चार बोटं दाखवली. फोन चार्जिंगला लावलेला होता, तो सुरू करून तिने व्हिडिओही दाखवला. हे काय, चार लिहिलंय की! इंग्रजी आकडे ती कधी शिकलीच नव्हती. सगळ्या बंगाली अक्षरांत बसलेला तो आठ तिने सरळ आपला चार म्हणून वाचला होता. मास्तरीणबाईंना हसू यायला लागलं आणि त्याच वेळी रडूही. पुन्हाबाई भिंतीला टेकून खाली बसली.

मास्तरीणबाई मराठीत हळूच म्हणाल्या, निघू या, उगाच कशाला हिला घाबरवायचं? पुन्हाबाईलाही तेच हवं होतं. कुणाला काही कळलं नसतं. पण भित्र्या माणसाचं डोकं पुढे धावतं. घरात इंग्रजी आकडे कुणाला येतात, असं तिने विचारायला लावलं. नवऱ्याला येतात, आई म्हणाली. तो बाहेरगावी होता, आज परत येतोय. संध्याकाळचं औषध तोच देणार आहे.

"तिला सांगा," पुन्हाबाई म्हणाली, "मी आठ लिहिलंय. चार हवे होते. चूक माझी आहे."

मास्तरीणबाईंनी सांगितलं. आईने फोनकडे पाहिलं, मग बाटलीकडे. तिच्या तोंडचं पाणी पळालं. इतका वेळ या खोलीत ती एकटीच निर्धास्त होती. बाळाला तिने इतकं घट्ट धरलं की ते परत रडायला लागलं. मग ती हळू आवाजात काहीतरी बोलली.

"ती विचारतेय," मास्तरीणबाई म्हणाल्या, "बाकीचं तरी बरोबर आहे ना?"

बरोबर आहे, असं त्या स्वतः सांगायला निघाल्या होत्या, पण आई त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती पुन्हाबाईकडे बघत होती, व्हिडिओ जिने बनवला तिच्याकडे. पुन्हाबाईने फोन हातात घेतला. ओळी एकामागून एक पुढे सरकत होत्या, आणि तिला त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं.