गाडीत नसलेला ड्रायव्हर

मुदखेडच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. बीएच्या शेवटच्या वर्षाला एक जुनी, नावाजलेली कादंबरी आहे. तिच्यात एक श्रीमंत बाई भरधाव गाडीनं एका गरीब बाईला उडवते आणि न थांबता निघून जाते. तिचा प्रियकर आळ स्वतःवर घेतो आणि त्यापायी जिवानिशी जातो. दरवर्षी इथं आलं की माझा आवाज जड होतो. यंदाही झाला. पोरं मात्र मख्ख बसलेली.

पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, त्यांच्याकडं ड्रायव्हर नव्हता काय?"

असल्या प्रश्नांनी तासाचा विचका होतो. मी वैतागूनच म्हणाले, "असेल. पण तो गाडीत नव्हता."

"नसू द्या की. ठाण्यात हजर व्हायला गाडीत असावं लागत न्हाई."

कुणी हसलं नाही. मागच्या दोघातिघांनी तर माना डोलावल्या.

"तुला कुणी सांगितलं हे?"

"आमचे पप्पा झाले होते की हजर. गाडी मालकीणबाई चालवत होत्या. रस्त्यावरची म्हातारी जागीच गेली. पप्पा तेव्हा घरी जेवत होते. ताटावरून उठून गेले, ते शिक्षा भोगूनच आले."

मी खडू खाली ठेवला. विचारलं, "आणि त्या मालकीणबाई?"

"हायत की. दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात. रिकामा डबा परत देऊ नये म्हणून आई त्यात साखर घालून देती."