गोड्या मसाल्यासाठी उसनं नाक

लखनौत अलीगंजच्या वळणावर एका गायीला वाट देताना मी स्कूटरवरून पडलो. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं. डोक्यावरचं टेंगूळ यथावकाश गेलं आणि जाताना माझं वास घेणं सोबत घेऊन गेलं. डॉक्टर म्हणाले, "आतले नाजूक तंतू दुखावलेत. वास परत येईल, पण कदाचित भलताच येईल."

तसंच झालं. काही महिन्यांनी वास परतले, पण वेषांतर करून. कॉफीला जळक्या रबराचा वास, अंगाच्या साबणाला करपलेल्या कांद्याचा. मला दुःखापेक्षा नवलच जास्त. घरातले डबे उघडून मी हुंगत फिरायचो. बायको म्हणायची, "आता माझी पर्सही हुंगणार का?" हुंगली. रबर.

पण गोड्या मसाल्याची बरणी तळाला गेली, तेव्हा माझी गंमत संपली. आईचे हात थरथरतात, म्हणून वर्षाचा मसाला भाजणं माझ्याकडे आलेलं. तिने रीत एकच शिकवली होती: एकेक जिन्नस वेगळा भाजायचा आणि वास आला की उतरवायचा. वेळ नाही, रंग नाही, फक्त वास. तिच्या आमटीची चव या घरात टिकायची, तर आता नाक लागणार होतं.

कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीला शेगडीपाशी उभं केलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

"आला का वास?"

"कौन सा, बाबा?"

"धण्यांचा कच्चा वास जातो, आणि मग..."

"फिर?"

"मग धण्यांचा येतो."

"वाह! बहुत हेल्प हुई."

इतकी वर्षं वासावर मसाला भाजला, पण तो वास सांगायला शब्द एकही नव्हता. शेवटी तिने स्वतःचीच खूण शोधली. खोबरं भाजताना म्हणाली, "अब बिस्कुट जैसा।" उतरवलं. तीळ, दालचिनी, लवंग, सगळं तिच्याच नाकावर. दगडफूल तेलात पडलं मात्र, ती ओरडली, "बंद करो! बिरयानी की दुकान के बाहर जैसा!"

"इतक्यात? मी तर बराच वेळ ठेवतो."

"नाक किसकी है?"

गॅस बंद केला. मनात म्हटलं, लखनौचं नाक, मसाला आता दम बिर्याणीच्या वळणावर जाणार.

रविवारी आमटी केली. आईने भातावर वाढून घेतली, एक घास खाल्ला आणि थांबली.

"हा तू नाही भाजलास."

"का गं? बिघडलाय?"

"तू दगडफूल दर वर्षी जाळतोस," आई म्हणाली, "बोलले नाही, हौसेने करत होतास."

मुलीने कॉलर ताठ केली. मी बरणी उघडून खोल हुंगलं. रबरच. पण म्हणजे खरा वास कसा असतो, हे मला पडण्यापूर्वीही ठाऊक नव्हतं की काय?

"बाळा, नीट सांग," मी बरणी तिच्यापुढे धरली, "कसा येतोय?"