बावळटाचा घोट

नेलिदा बेन्तांकूरच्या हाताखाली काम करणं म्हणजे डोक्याला ताप होता, आणि हे मी तिच्या तोंडावरही सांगितलंय. आमच्या चीजच्या कारखान्यात ती आमच्या पाळीची मुख्य. कुणी चुकलं तर ओरडायची नाही. नुसतं विचारायची, "मला आधी का नाही सांगितलंस?" त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

कामाआधी आम्ही गोल बसून माते, म्हणजे आमच्याकडचा पाल्याचा कडू चहा, प्यायचो. एकच वाटी, एकच नळी, सगळ्यांच्या तोंडी. ओतायची नेहमी नेलिदाच. पहिल्या वाटीला पाणी कोमट, पाल्याचा चुरा नळीतून दाताखाली येतो आणि कडू तर विचारू नका. म्हणून त्याला आमच्याकडे बावळटाचा घोट म्हणतात. तो ओतणाऱ्यानंच प्यायचा, असा रिवाज. नेलिदा तो तोंड वाकडं न करता प्यायची.

मालकाचा मुलगा फाब्रिसियो राजधानीहून, मॉन्टेव्हिदिओहून, शिकून आला आणि त्यानं 'प्रामाणिकपणा हीच आमची ओळख' अशी भलीमोठी पाटी लावली. कुठे, तर बरोबर खिडकीवर. मी म्हटलं, "उकाड्यानं मरा, पण प्रामाणिकपणे मरा." कुणी हसलं नाही. सगळे घामानं भिजलेले.

मग दार्दोचं प्रकरण झालं. दार्दो दूध तापवायच्या यंत्रावर. मातेचं गरम पाणी संपलं म्हणून थर्मास भरायला गेला, तिथं फुटबॉलच्या गप्पांत रमला आणि इकडे यंत्र गार पडलं. अर्धवट तापलेलं दूध पुढे गेलं, त्याचं चीजही झालं. कुणाला पत्ता नाही. आता माणसानं गप्प बसावं की नाही? पण नेलिदानं त्याला पुरता बिघडवून ठेवलेला. गडी सरळ तिच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्यामुळे झालं."

"गाढवा, नोकरी जाईल! तुझ्या पोरी शाळेत आहेत अजून," मी त्याला म्हणालो.

"म्हणूनच सांगितलं. त्यांच्या शाळेतही हेच चीज जातं."

नेलिदानं सगळी बॅच डुकरांना घालायला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी फाब्रिसियो लालबुंद होऊन आमच्यात आला.

"एवढं नुकसान! दार्दो आजच घरी जाईल. बाकीच्यांना धडा मिळायला हवा."

"मिळेल ना," नेलिदा म्हणाली. "चूक झाली तर सांगायची नसते, हा धडा मिळेल. पुढच्या वेळी पोरं आजारी पडल्यावर कळेल तुला."

"मग बाबांना काय सांगू? कुणाला तरी धरायलाच हवं."

"यंत्र सोडून पाण्याला जायची मोकळीक मी दिली होती. मला धर."

"वेडी आहेस का?"

"पहिला घोट ओतणाऱ्याचा, फाब्रिसियो. तू इथलाच ना रे?"

आणि त्या शहाण्यानं खरंच तिला धरलं! मुख्यपद काढून खोकी भरायला बसवलं, आणि वर त्या प्रामाणिकपणाच्या पाटीवरची धूळही तिच्याकडूनच पुसून घेतली. संतापानं मला जेवण गेलं नाही. तिच्या जागी नेमलं कुणाला, तर मला. मी नाहीच म्हणणार होतो, पण तिनंच दटावलं, "घे. नाहीतर तो आपल्या मेव्हण्याला आणून बसवेल."

दुसऱ्या सकाळी थर्मास माझ्यापुढे. मी ओतलं आणि सवयीनं वाटी नेलिदाकडे सरकवली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"विल्सन, तो तुझा," ती म्हणाली.

प्यायलो. दातांत चुरा, डोळ्यांत पाणी. नुसता वैताग. ही बाई वर्षानुवर्षं हे कसं पीत होती, देव जाणे. तेवढ्यात दार्दो टोपी चुरगाळत जवळ आला.

"विल्सन, एक सांगायचं होतं. काल माझ्याकडून परत..."

परत! मला त्याच्या टाळक्यात थर्मास घालावासा वाटला. मी नेलिदाकडे पाहिलं. ती पाटीकडे बघत होती.

मी चुरा गिळला. "बस," म्हणालो. "मला आधी सांगितलंस, बरं केलंस."