खुलताबादला मागितलेली दुवा

खून झालेल्या पुढाऱ्याची ओळख करून देताना आधी काय सांगायचं? तो कसा मेला ते, की जिवंतपणी काय बोलायचा ते? मला उत्तर येत नाही. इतिहासात बीए केलंय, घरातली पहिली पदवी माझीच, तरी येत नाही.

मे महिन्यात इस्राएलहून एलियाकाका आणि त्यांची बहीण रिबकाआत्या संभाजीनगरला आले. मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. लहानपणी आईवडिलांसोबत इस्राएलला गेले, घरात मराठी टिकली. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ अशी एका दिवसाची सहल, गाइड मी. तुम्ही जाणार असाल तर मंगळवार टाळा, लेणी बंद असतात. गाडी दिवसाला तीन हजारांत मिळते. दुष्काळात पाण्याचा जार घरूनच भरून न्या, आम्ही विसरलो.

सकाळी सातला बजाजनगरहून निघालो. पडेगावच्या पुढं जिथं ज्वारी असायची तिथं आता प्लॉटिंगच्या कमानी आहेत, आणि कमानींखाली टँकरची वाट बघणारे हंडे. किल्ल्याच्या पायथ्याशी एका छपराखाली पिठलं-भाकरी मागवली. ड्रायव्हर शकीलभाई खुलताबादचेच. ते रिकामा जार घेऊन टँकरच्या रांगेत गेले. तेवढ्यात काकांनी पाकिटातून एक फोटो काढला.

"हा आमचा माणूस. तिकडं आम्हाला काळे म्हणून हिणवायचे, पोरी. यानं सांगितलं, ज्यू आहेस, मान वर कर. भाषण संपवून उतरला नि गोळी घातली त्याला."

"पुढचंही सांग की," आत्या म्हणाल्या. "अरबांना देशाबाहेर हाकला म्हणायचा. त्याच्या चेल्यानं नमाज पढणाऱ्यांच्या पाठीत गोळ्या झाडल्या."

"तेव्हा तो होता का जिवंत?"

"तो गेला. बोलणं कुठं गेलं?"

"तू भाकर खा," काका म्हणाले.

शकीलभाई खांद्यावर जार घेऊन आले आणि काकांनी फोटो पाकिटात सरकवला.

खुलताबादला डोक्यावर ओढणी किंवा रुमाल हवाच. शकीलभाईंची एक रीत आहे. दर्ग्यात जाताना ते गाडीतल्या माणसांना त्यांच्या मयतांची नावं विचारतात आणि आत एकेकासाठी दुवा मागतात. माझ्या आजोबांसाठीही मागितलीय. आत्यांनी आईचं नाव सांगितलं. काकांनीही आईचंच सांगितलं, मग फोटो पुढं केला.

शकीलभाईंनी मला विचारलं, "ताई, कोन व्हते हे?"

आत्या माझ्याकडं बघत होत्या.

"त्यांच्या धर्माचे मोठे पुढारी. खून झाला त्यांचा," मी म्हणाले. दिवस बिघडू नये, एवढंच डोक्यात होतं.

"या अल्ला! लई वाईट झालं." दोन्ही हातांनी फोटो धरून ते आत गेले. त्या दिवशी दुवा नेहमीपेक्षा लांबली. बाहेर आल्यावर काकांनी ओल्या डोळ्यांनी त्यांचे हात धरले. मी मोबाइलवर दोघांचा फोटो काढला.

पायरीवर चपला घालताना आत्या हळूच म्हणाल्या, "भावाला मी चाळीस वर्षं समजावतेय. तुला एकच वाक्य बोलायचं होतं, बाळ."

वेरूळला कैलास लेण्यासमोर मी काय बोलले ते आठवत नाही. पाठ होतं, तेच बोलले असेन.

"लोकं खूश झाले का?" घरी बाबांनी विचारलं. झाले होते. तेच खुपत होतं.

रविवारी एसटीनं खुलताबादला गेले. धुवायला पाणी नव्हतं म्हणून शकीलभाई कोरड्या फडक्यानं गाडी पुसत होते. मी सगळं सांगितलं, नमाजातल्या माणसांचंही. त्यांनी फडक्याची घडी घातली.

"काकांना ठाऊक व्हतं ना, म्या कोन हाय ते?"

"होतं."

"आन तुला?"

मी मान डोलावली.

"दुवा वापस नाय घेता येत, ताई," ते म्हणाले. मग घराकडं बघत हाक मारली, "अगं, अर्धा कप च्या टाक. पाव्हणी आलीय." चहा समोर आला. मी तो पीत होते तोवर ते माझ्याकडं पाठ करून गाडी पुसत राहिले.

सहलीच्या दुसऱ्याच दिवशी मी इथं एक लेख टाकला होता, त्या धरलेल्या हातांच्या फोटोसकट. तुमच्यातल्या पुष्कळांनी खाली 'हाच खरा भारत' असं लिहिलं. मी प्रत्येकाचे आभार मानले होते. तो लेख मी परवा काढून टाकला. त्या जागी हा ठेवलाय.